अर्ध्या ओळी

पाटीवर आधी 'कै.' होतं.
दुसऱ्याच दिवशी कुणीतरी खिळ्यानं ते खरवडलं
आणि वर खडूनं लिहिलं : कालकथित.
माळी पाणी मारतो, खडू जातो.
मी परत लिहितो.
वॉचमनच्या ड्युटीत हे बसत नाही,
बसवून घेतो.

कालकथित लंकाबाई निरभवणे स्मृती उद्यान,
देवळाली गाव, वालदेवीच्या अंगाला.
सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते नऊ.
फुले तोडू नयेत. कुत्री आणू नयेत.
मोठ्याने गाणी म्हणू नयेत.

पुतळा तसा बरा आहे.
पदर नीट, चष्मा नीट,
फक्त तोंड मिटलेलं.
कारागीर धुळ्याचा. त्याला मिळाला तो
रेशनकार्डावरचा फोटो.
लंकाबाईचं तोंड मिटलेलं आम्ही दोनदाच पाहिलं :
विडी कारखान्यात मुकादम माल मोजायचा तेव्हा,
आणि शेवटी.

आमची गायन पार्टी नऊ जणांची.
पेटीवर भालेराव मास्तर,
प्रेसमध्ये दिवसभर नोटा मोजून आलेली त्यांची बोटं,
ढोलकीवर तिचा दीर रंगनाथ,
मी कोरसमध्ये, डावीकडून तिसरा.
एकलहरे, भगूर, ओझर, सिन्नर फाटा,
टेम्पोच्या फाळक्याला पाय लावून रात्रभर.
माइक चालला तर चालला,
नाहीतर बाजूला काढून ठेवायची ती,
घरात शिरताना चपला काढतात तसा.

आवाज गोड नव्हता.
हे सांगायलाच हवं,
कारण उद्घाटनाला नगरसेवक 'कोकिळा' म्हणाले.
कोकिळा कसली!
तंबाखूची भुकटी बसलेला घसा तो,
जात्याच्या पाळीत खडा अडकावा
तसा एका जागी खरखरायचा,
आणि नेमका तिथंच
मांडवातला आडदांड माणूससुद्धा
मान खाली घालून बसायचा.
रेडिओवाल्यांनी परत पाठवलं. म्हणाले, खर आहे.
जिना उतरताना ती मला म्हणाली,
'गुळगुळीत दगडावर कुणी विळा पाजळतं का रे?'

काल कॉलेजातली एक पोरगी
पुतळ्याशी सेल्फी काढून विचारत होती,
'काका, ह्यांची गाणी कुठं मिळतील?'
एक कॅसेट होती, विहितगावच्या लग्नातली.
तिच्यात पंगतीची ताटं जास्त, लंकाबाई कमी.
तिचीही रीळ रंगनाथच्या नातवानं ओढून
संक्रांतीला पतंगाची शेपटी केली.
वर गेला म्हणे पतंग, लांब,
तोफखान्याच्या हद्दीपर्यंत.

'मग तुम्ही म्हणून दाखवा ना.
तुम्हाला येत असेल.'

येतं.
पण अर्धंच.
ओळ तिची असायची,
आम्ही मागून तिचं टोक तेवढं उचलायचो :
... उंबरा तुझाच आहे, बाई
... कंदील खाली ठेवू नको
... मोजून घे, मोजून घे
चोवीस वर्षं म्हटलं हे.
अलीकडचं सगळं पाठ आहे, पलीकडचं नाही.
लिहून ठेवलंच नाही कुणी,
आणि तिला लिहिता कुठं येत होतं!
कारखान्याच्या वहीत अंगठा, पार्टीच्या वहीत अंगठा,
आज पुतळ्याला दोन्ही हात आहेत
पण मूठ वळलेली.

पोरगी थांबली थोडी. मग
'सॉरी हं काका' म्हणाली,
कशाबद्दल ते तिलाही कळलं नसावं.

नऊला शिट्टी मारतो.
घसरगुंडीवरचं शेवटचं पोर कुरकुरत उतरतं.
दिवे अर्धे घालवतो, बिलाचं तसं ठरलंय.
मग पुतळ्यापुढं जातो, जरा मागं,
डाव्या हाताला दोन जागा सोडून
उभा राहतो.
तिच्या ओळीला लागेल तेवढा वेळ
गप्प.
पुलावरून कांद्याचा ट्रक जातो,
त्याचा आवाज विरेपर्यंत धरून ठेवतो श्वास.
मग माझं म्हणतो,
पाटीवरचा नियम मोडणार नाही इतपत :

... कंदील खाली ठेवू नको

गेटाचं कुलूप जुनं आहे.
किल्ली दोनदा फिरवावी लागते.